नातेवाइकाचा नंबर

"एकशे बारा पेशंट आणि नातेवाइकाचा नंबर एकच? कुणाचा हा, ताई?"

इस्पितळाच्या नोंदणीच्या खिडकीशी उभा राहून मी आवाज चढवला. प्रोग्राम माझा होता ना. पेशंट आला की पडद्यावर चौकट उघडते: नाव, वय, नातेवाइकाचा फोन. फोनचा रकाना भरल्याशिवाय ‘ओके’चं बटण दाबलंच जात नाही, ही माझी करामत. रकाने रिकामे सोडणाऱ्यांची चांगली जिरवली, असं मी चारचौघांत सांगत असे. आता वरून हुकूम आला होता: एकच नंबर दुसऱ्यांदा घ्यायचा नाही, आजच्या आज तशी सोय करा.

ताई निवृत्तीला आलेल्या. चष्मा पुसत म्हणाल्या, "माझा आहे."

"तुमचा? का पण?"

"माणूस समोर कण्हत असतो. म्हणतो, मला कुणी नाही हो. तुमचं बटण काही ऐकत नाही. परत पाठवू त्याला?"

"मला सांगायचं की."

"दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, नियम म्हणजे नियम."

म्हणालो होतो खरा. एखाद्याला कुणीच नसेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. मला लाज वाटली.

"रकाना रिकामा चालेल असं करून देतो. पाच मिनिटांचं काम."

"मग वॉर्डातून फोन कुणाला लावतील?"

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला.

"हो, मीच त्यांची. आलेच." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "परवा आलेले सुतारकाका. जास्त झालंय. जरा बसता इथे?"

मी त्यांच्या खुर्चीत बसलो. माझीच चौकट, पण तिच्यासमोर माणसं बसवून ती मी कधी भरली नव्हती. तासाभराने ताई परत आल्या. हातात कापडी पिशवी होती.

"गेले," त्या म्हणाल्या. "हात धरून बसले होते मी. शुद्ध होती, बरं का. मला वहिनी म्हणाले."

पिशवी त्यांनी टेबलाखाली नीट ठेवली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

संध्याकाळी मी हुकमाप्रमाणे तपासणी लिहिली. दुसऱ्यांदा आलेला नंबर आता चौकट घेत नाही. फक्त दोन नंबर मी त्यातून वगळले. एक ताईंचा. त्या तीन महिन्यांनी घरी बसणार, म्हणून दुसरा माझा.