पहिली मूठ मास्टरची

बाफोरने पेन ड्राइव्ह माझ्या टेबलावर टाकला तो डाव्या हाताने. मुद्दाम. सुआमेच्या आमच्या लोखंडी गल्लीत कुणी कुत्र्यालाही डाव्या हाताने हाडूक टाकत नाही, आणि मी तर कारखान्याच्या मालकाची, मास्टर बोआदींची, सख्खी भाची.

"घे, अफ्राकोमा. यात खरा प्रोग्राम आहे," तो म्हणाला. "रेघ म्हणजे रेघ. तुझ्या त्या फिरत्या चित्रांनी पोरं खेळवायची."

कारखान्यासाठी ड्रॉइंगचा एकच प्रोग्राम घ्यायचा होता. बाफोर वीस वर्षांचा जुना मुकादम, त्याला सपाट रेघांचा हवा होता. मला हवा होता त्यात अख्खं यंत्र उभं करून पडद्यावर चालवून बघता यायचं. ज्याचा प्रोग्राम येईल त्याचाच शब्द कारखान्यात चालणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

मी ड्राइव्ह उचलून त्याच्या थोबाडावर भिरकावला. त्याने अशी कानाखाली वाजवली की मी पत्र्यांच्या ढिगावर आदळले. ओठ फुटला. हाताला पाना लागला, तो मी त्याच्या गुडघ्यावर हाणला. तो बोंबलत खाली बसला. वोफांनी, म्हणजे मास्टरमामांनी, दोघांची मानगूट धरून आम्हाला लांब केलं.

"प्रोग्राम काय डोकी फोडून निवडतात, गाढवांनो? बाफोर, तुझ्या कागदावरून मका भरडायची गिरणी बांध. शुक्रवारी धड चालली तर तुझा प्रोग्राम, नाहीतर हिचा."

त्याचा कागद मी माझ्या प्रोग्राममध्ये उभा केला, निव्वळ खोड काढायला. गिरणीतले घण त्याने लोंबते काढले होते. चाक हाताने फिरवलं तर ते दुमडून निसटायचे. पण वेगात घण ताठ होतात, आणि ताठ झाले की मका टाकायच्या तोंडाशी बसवलेल्या पट्टीत ते बोटभर घुसत होते. मी पडदा बंद केला. ओठ ठणकत होता. म्हटलं, होऊ दे खडखडाट, सगळ्या गल्लीसमोर जिरू दे याची.

शुक्रवारी गल्ली लोटली. बाफोरने छाती काढून चाक हाताने फिरवून दाखवलं. कुठे काही लागलं नाही. मग इंजिन धडधडलं, आणि वोफांनी मक्याच्या टोपलीत उजवा हात घातला.

नव्या गिरणीत पहिली मूठ मास्टरचीच. लहानपणापासून बघत आलेय मी, आणि नेमकं तेवढंच विसरले होते. "वोफा, नको!" मी किंचाळले, पण इंजिनापुढे कोण ऐकतंय.

मूठ गिरणीच्या तोंडाशी गेली आणि नेमका तेव्हाच वेग चढला. पट्टी फाटली, घण तोंडातून बाहेर आला. मक्याचे दाणे लालभडक होऊन उडाले. माझ्या कपड्यांवर काहीतरी ओलं येऊन आपटलं. बघितलं तर बोट होतं. वोफा ओरडलेही नाहीत. मनगटाकडे बघत नुसते उभे राहिले आणि मग कोसळले.

गल्लीने बाफोरला धरलं. लाथा, इंजिनाचे पट्टे, जे हाताला लागेल ते. दात पडले तरी तो एकच सांगत होता, "कागदावर कुठं लागत नव्हतं! मास्टर, आईशप्पथ, कागदावर कुठंच लागत नव्हतं!"

खरं बोलत होता. कुठे लागतं ते फक्त मला माहीत होतं. मी गप्प राहिले. नुसती गप्प नाही, एक लाथ मीही घातली. अजून स्वतःचीच घाण वाटते.

दीड महिन्याने वोफा कारखान्यात आले. बाफोर कधीच गाव गाठून बसला होता. ते थेट माझ्या टेबलाशी आले, काखेत माझ्या प्रोग्रामचं पाकीट.

"तुझंच बरोबर होतं, पोरी," ते म्हणाले. "तुझ्या पडद्यावर हे आधी दिसलं असतं, नाही?"

"हो, वोफा."

त्यांनी पाकीट काखेतून ओढून माझ्यापुढे धरलं आणि मान खाली घातली.

"डाव्या हाताने देतोय. माफ कर हं."

मी ते दोन्ही हातांनी घेतलं.