रंगाखालची चीर

विकायची वस्तू चकाचक केली की घेणारा आत डोकावत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. बँकेतल्या त्या कारकुनालाही ते ठाऊक होतं. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई त्याची जुनी मोटरसायकल घेणार होत्या. चाकांना पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून पक्का होणारा पावडरचा रंग, करून द्यायचं त्यानं कबूल केलं होतं आणि त्याची तयारी घरीच चालवली होती. टायर उतरवले, बेअरिंग ठोकून काढले, ग्रीस पुसलं. मग गॅलरीत वर्तमानपत्रं अंथरून, नाकाला रुमाल बांधून तो पॉलिश पेपरनं जुना रंग घासायला बसला.

मागच्या चाकाशी हात थबकला. रिमला आरा मिळतो तिथे केसाएवढी रेघ होती. ओरखडा असेल म्हणून त्यानं आणखी घासलं. रेघ लांबतच गेली.

"चीर आहे ना ही?" बायको चहा घेऊन मागे उभी होती.

"बारीकशी आहे गं. कोटिंग झालं की दिसणारसुद्धा नाही."

"दिसणार नाही, पण असेल ना?"

"सगळेच असं विकतात. आपणच तेवढे साधुसंत का?"

"त्या चाकावर नर्सबाईंची आई बसणार आहे, दवाखान्यात जाताना. जिन्यात भेटल्या की काय म्हणाल त्यांना? जपून जा?"

चहा निवला. मग चाक उचलून तो तसाच, धुळीनं माखलेला, खाली गेला. आता व्यवहार मोडणार आणि वर चार शब्द ऐकावे लागणार, असं त्यानं धरूनच ठेवलं होतं.

नर्सबाईंनी चिरेवरून बोट फिरवलं. "बाप रे! आणि हे तुम्ही स्वतःहून सांगायला आलात?"

"दुसरं चाक बसवून देतो. तरी नको असेल तर..."

"नको कशाला? आता तर गाडी तुमच्याकडूनच घेणार!"

जिना चढताना त्याला किती हलकं वाटलं! त्या रात्री तो गाढ झोपला. दुसऱ्या दिवशी त्यानं तडकलेलं चाक करवतीनं कापलं आणि मगच भंगारात दिलं. न जाणो, कुणी पुन्हा रंगवून विकायचं!

वाचकहो, आपण वस्तू जरूर सजवावी. पण तिच्यातला दोष झाकून ती विकणं म्हणजे आपला धोका गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात बांधणं. दोष आधी सांगावा, मग रंग द्यावा.