ठिपकेवाल्या कुत्र्याचे मणी

रंभेला मिळवायचं होतं ते एवढंच: नवऱ्याचा मुतखडा पोटावर सुरी न फिरता पडावा. त्यासाठी ती ज्याच्याकडे जायची, त्या हिरामणबुवाची कमाई मात्र मोठी. ज्याला पूर्वी खांब गावात कुणी विडी देत नव्हतं, त्याच्या मांडवात दर रविवारी रोह्यापासून पेणपर्यंतची माणसं पाया पडायची.

चमत्कार एका ठिपकेवाल्या कुत्र्याचा. नागोठण्याच्या कंपनीतला कुणी साहेब बदलीच्या वेळी नर-मादीची जोडी मागे टाकून गेला. बुवाने नराला भैरोबाचं वाहन केलं. त्याच्या मुतातून पिवळट खडे पडत. बुवा ते ‘मणी’ उगाळून मुतखडेवाल्यांना पाजी. “पिल्लांतपण मणी उतरलाय, कृपा वंशाला हाय!” तो सांगे. नैवेद्य बकऱ्याच्या कलेजीचा. कुत्र्याला पाणी मात्र घोटभरच. मणी विरघळतो म्हणे!

त्या रविवारी कुत्रा पाय फाकून नुसता कुंथत होता. थेंब येईना.

“बुवा, आमचं मानूस घरी असंच वाकडं व्हतं,” रंभा म्हणाली.

“गप गो! मणी मोठा हाय, देव धरून बसलाय.”

“मग देव कण्हतोय कशाला?”

कुणीतरी फिसकन हसलं. रंभा उठली. जवळच्या गोठ्यात म्हैस तपासायला गुरांच्या डॉक्टर ज्युडिथबाई आल्या होत्या, त्यांना घेऊन आली. तोवर कुत्रा थंड झाला होता.

“समाधी घेतली!” बुवा ओरडला.

“मग समाधी आतून बघू या,” म्हणत बाईंनी सुरी काढली. मूत्राशय फुटलेलं, वाट खड्यांनी बंद.

“हे मुतखडे. या जातीच्या रक्तातच हा दोष, आईबापाकडून आलेला, म्हणून पिल्लांतही. त्यात बुवाने तहानलेलं ठेवलं, तुम्ही कलेजी चारलीत. तिनेच खडे वाढतात.”

“पन उगाळून प्यायल्यावर...?” रंभेने विचारलं.

“खड्याने खडा विरघळता, तर हा मेला असता का? कुणी मणी दाखवला, की आधी विचारा: ज्याच्या पोटातून निघाला, त्याचं काय झालं?”

रंभा त्याच दिवशी नवऱ्याला, जनूला, इस्पितळात घेऊन गेली. मण्याच्या भरवशावर फार दिवस गेले होते; एक किडनी सडलेली निघाली, काढावी लागली. सुरी फिरलीच.

रंभेच्या ओट्यावर आता एक ठिपकेवालं पिल्लू असतं, शेजारी पाण्याने भरलेलं पातेलं. ते रिकामं दिसलं की ती हातातलं काम टाकून उठते.

कुत्र्याचा जीव गेला, जनूची किडनी गेली. बुवाचं काही गेलं नाही. मांडवाचं कापडसुद्धा तो घडी घालून घेऊन गेला.