टोक धरा जरा

आमची आळी मोजली की आखूड होते. नाही मोजली तर आहे तेवढी राहते. पण ती सारखी मोजावी लागते, कारण आम्ही गरीब का आहोत हे अजून कुणाला कळलेलं नाही.

आळी दोर वळणाऱ्यांची. एका तोंडाला माझी बायको हौसा चरखा फिरवते आणि मी कमरेला वाखाचा भारा बांधून, बोटांनी वाख सोडत, उलटा चालत जातो. आळी जेवढी लांब तेवढाच दोर लांब. त्यातही पीळ बसला की तो आखडतो. आमच्यात एक रीत आहे. कुणी हातात टोक दिलं की धरायचं, ताठ धरायचं, आणि समोरचा 'सोड' म्हणेपर्यंत सोडायचं नाही. म्हणाला की लगेच सोडायचं. माझा बाप गेला तेव्हा मी आळीच्या दुसऱ्या टोकाला उभा होतो. काकांनी 'सोड' म्हटल्यावर मग रडलो.

आमच्या गरिबीचं कारण शोधायला सरकारातून बेलसरे साहेब पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी खिशातून मोजायची फीत काढली आणि टोक माझ्या हातात दिलं. "धरा जरा." मी धरलं. ते आळीच्या शेवटापर्यंत गेले, आकडा वाचला, "सोडा" म्हणाले. फीत सरसर डबीत गेली आणि तिच्याबरोबर बरीचशी आळीही गेली. शेवटचं घर धोंडीतात्यांचं. ते सरकत आमच्या जांभळापाशी येऊन थांबलं. तात्या ओट्यावर दाढी करत होते. कुठं कापलं नाही.

"तुमचा प्रश्न असा आहे," साहेब म्हणाले, "की तुम्ही मागे मागे चालता. मग प्रगती कशी होणार?"

"पुढं चाललो तर दोर पायात येतो, साहेब."

"तेच ते. मानसिकता."

पुढच्या खेपेला त्यांना आळस आढळला, कारण मी पूर्वीच्या निम्मंच चालत होतो. त्याच्या पुढच्या खेपेपर्यंत आमचा दोर म्हशीला बांधला तर म्हशीला मान खाली घालता येईना. बाजारात कुणी घेईना. साहेबांनी डोळे मिटून विचार केला आणि सांगितलं, "मूळ कारण सापडलं. तुमचे दोर आखूड आहेत."

आम्ही दोन दोर गाठून पाहिले. "हे नवीन दिसतंय," असं म्हणून साहेबांनी तेही मोजले.

"टोक तर तुम्हीच धरता," हौसा मला म्हणाली. "कशापायी धरता?"

"दिलं की धरावं लागतं."

"मग हात मागं बांधून बसा की."

बसलो. साहेबांनी वळसा घालून मागून दिलं.

विहीर मात्र होती तेवढीच खोल राहिली, कारण ती कुणी मोजली नव्हती. हे हौसाच्याच ध्यानात आलं. "साहेब, एकदा विहीर मोजा की. पाणी तरी वर येईल."

"विहीर आमच्याकडे येत नाही, बाई. ते खातं वेगळं."

"मग त्या खात्याला पाठवा."

"त्या खात्यात मीच होतो. बदली झाली."

आता मी चार पावलं मागे गेलो की तात्यांच्या मांडीवर बसतो. तात्या थोडं सरकून घेतात. आज पोहरा पाण्याला टेकेना. हौसाने वाकून पाहिलं, पोहरा सोडून टाकला आणि दोर स्वतःच्या कमरेला बांधला. "जिथं दोर संपतो, तिथनं पुढं मी," असं म्हणून ती कळशी घेऊन आत उतरली.

मी काठावर पोट टेकून दोर धरला. खालून आवाज आला, "अजून वीतभर!" मी खांद्यापर्यंत आत वाकलो. कळशी पाण्याला लागल्याचा आवाज झाला.

"बरे भेटलात," मागून साहेब म्हणाले. "विहिरीचं खातं परत मिळालं मला. तुमच्या मिसेसना सांगा, त्यांचं म्हणणं मनावर घेतलं."

"ती खालीच आहे, साहेब."

"असू द्या. खोली पुढच्या वर्षी घेऊ. आधी तोंड मोजायचं." त्यांनी फीत काढली. "धरा जरा."

मी एक हात दोरावरून काढला आणि धरलं.

साहेब काठाकाठाने पलीकडे गेले. विहिरीच्या तोंडावर फीत ताठ झाली. तिची सावली खाली हौसाच्या कपाळावर पडली. तिने वर पाहिलं. कळशी भरलेली होती.

"अहो," ती म्हणाली, "टोक धरलंत का?"

"दोन्ही धरलीत," मी म्हणालो.

साहेबांनी आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि माझ्याकडे पाहून तोंड उघडलं.