मेघनाने चोरून काही खाल्लं नव्हतं

"खरं सांगा मेघनाताई, काय काय खाल्लंत?"

डॉक्टरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं, आणि तिन्ही वेळा हसत विचारलं. हसण्यासारखं काय होतं त्यात, देव जाणे. मेघनाने पदर सावरला आणि तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं.

"सूप. दुधीचं, भोपळ्याचं, पालकाचं. ताक. तुम्ही दिलेली पावडर. बाकी काही नाही."

"मध्येमध्ये एखादं बिस्कीट? फरसाण? कुठे बारशाला-बिरशाला गेला असाल..."

"नाही."

डॉक्टरांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट उचलला आणि वळवला तो मेघनाच्या नवऱ्याकडे, प्रितेशकडे. यकृत मेघनाचं, उपाशी राहिली मेघना, आणि रिपोर्ट दाखवायचा प्रितेशला! "हे बघा," ते म्हणाले, "ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे नुसत्या पातळ आहारावर ठेवतो ते यकृत आकसावं म्हणून. जठराच्या वरच ते बसलेलं असतं. ते मोठं असलं की आम्हाला आत जागाच मिळत नाही. यांचं होतं तेवढंच आहे. वजन तर किलोभरही उतरलेलं नाही. नुसत्या सूपवर असं होत नसतं."

"मी सांगतो तिला, डॉक्टर," प्रितेश म्हणाला.

काय सांगणार होता हा? मेघनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती गप्प बसली, कारण ऑपरेशन डॉक्टरांच्या हातात होतं. त्यांनी तारीख रद्द केली आणि पुन्हा दोन आठवडे तेच करायला सांगितलं. "या वेळी मात्र प्रामाणिकपणे," असंही वर जोडलं. प्रामाणिकपणे! बाहेर येताना नर्सने पुन्हा काट्यावर उभं केलं आणि आकडा अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा ओरडून सांगितला. मेघनाने बारा वर्षं बसमध्ये थांबे ओरडून सांगितले होते, पण कुणाचं वजन कधी ओरडून सांगितलं नव्हतं.

होय, मेघना कंडक्टर होती. विरार-अर्नाळा मार्गावर मासळीच्या टोपल्या, शाळेची पोरं, देवळाला निघालेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांना ती नावानिशी ओळखायची. दुसऱ्या बाळंतपणानंतर अंग सुटत गेलं, थायरॉईड निघालं, गुडघे बोलायला लागले. "बाई, तुम्ही पुढं आलात तर आम्ही खिडकीतून उतरायचं काय?" असं एखादा टारगट बोलायचा आणि अर्धी बस हसायची. ती त्यालाही सुनवायची, त्याचं तिला काही वाटत नसे. पण गेल्या वर्षी गुडघ्याने साफ दगा दिला आणि तिला डेपोत चौकशीच्या खिडकीमागे बसवलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा, मग गुडघ्याचं बघू. दोन वर्षं तिने सगळं केलं. चालली, उपाशी राहिली, भात सोडला. मग जठर लहान करण्याच्या या ऑपरेशनचं ठरलं. एवढं एक झालं की ती परत बसवर जाणार होती. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं.

रिक्षात, आगाशीचा तलाव मागे पडल्यावर प्रितेश म्हणाला, "अगं, झालं असेल एखाद वेळी. भूक लागतेच माणसाला. मला तरी सांगायचं."

"काय सांगायचं?"

"म्हणजे... मी काय रागावलो असतो का?"

ती बाहेर बघत राहिली. बोलायला तोंड उघडलं असतं तर रिक्षावाल्यासमोर तमाशा झाला असता.

घरी पोचेपर्यंत बातमी पोचली होती. फुलपाड्याहून नणंदेचा, रीमाचा, फोन. "वहिनी, मनाला लावून नको घेऊस हां. आणि खरं सांगू? तसंही काही खरं नसतं त्या ऑपरेशनचं. आमच्या बिल्डिंगमधल्या एकीने केलं होतं. वर्षभर मस्त बारीक झाली, मग परत जैसे थे. उलट जास्तच." रीमा हे काळजीने बोलत होती, यात शंका नाही. काळजीने बोलणाऱ्यांना तर थांबवताही येत नाही.

फोन ठेवला आणि मेघना पहिल्यांदा घाबरली. इतके दिवस तिला राग येत होता, पण ही भीती वेगळी होती. तिने खरोखरच काही खाल्लं नव्हतं. रात्री पोटात कळा यायच्या, नळाशी भांडी घासताना एकदा डोळ्यांपुढे अंधारी येऊन ती खाली बसली होती. एवढं करूनही जे शरीर जागचं हललं नाही, त्याचं पोट कापून तरी काय होणार? डॉक्टर जठराची पिशवी लहान करतील, आणि हे शरीर त्यातूनही वाट काढेल. सगळे म्हणतील, बघा, आम्ही सांगत नव्हतो? मग पुढे करण्यासारखं काही उरणारच नव्हतं. चौकशीची खिडकी आणि ती.

मग तिला स्वतःचाच संशय यायला लागला. रात्री तिने प्रितेशला विचारलं, "मी झोपेत उठते का रे?"

"म्हणजे?"

"उठून काही खाते का? तुला कधी दिसलं?"

"मी झोपलेलो असतो, मला काय माहीत," तो म्हणाला, आणि कूस बदलली. 'छे, काहीतरीच काय' असं नाही म्हणाला. एवढं तीन शब्दांचं म्हणायला काय जात होतं त्याचं?

सकाळी ती आंघोळ करून बाहेर आली तर प्रितेश तिची ड्युटीची जुनी पिशवी उघडून बघत होता. पाठमोरा होता. एका कप्प्यात हात घातला, मग दुसऱ्यात. सापडलं काय, तर फणी, रबरबँड आणि गोळ्यांची रिकामी पट्टी.

"चिवडा शोधतोयस की लाडू?" मेघनाने विचारलं.

तो दचकला. "नाही, मी आपलं... पेन."

"पेन तुझ्या खिशाला आहे."

त्याने खिशाकडे बघितलं आणि चप्पल घालून केळीच्या वाडीत गेला. मेघना तिथेच उभी राहिली. सोळा वर्षांचा संसार, आणि नवरा पिशवी तपासतोय! तिच्या मनात आलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन करावा आणि सांगावं की नको तुमचं ऑपरेशन. कुणावर उपकार म्हणून पोट कापून घ्यायचं नाही मला. त्याच तावात ती फोन घ्यायला स्वयंपाकघरात शिरली.

तिथे सासूबाई, लीलाबाई, सूप ढवळत होत्या. दुधीचं सूप गॅसवर होतं आणि ओट्यावर काचेची बरणी उघडी होती. लीलाबाईंनी बरणीतून मूठभर पिठी काढली, थंड पाण्यात कालवली आणि सुपात ओतली. मग आणखी एक मूठ. वर चमचाभर तूप सोडलं आणि रवीने इतकं घुसळलं की तुपाचा तवंगही दिसेनासा झाला.

"आई, हे काय?"

"काय काय? तुझं सूप."

"त्यात घातलंत काय?"

"केळ्याची पिठी," लीलाबाई म्हणाल्या, अगदी सहज. त्यांनी काही लपवलं नव्हतंच. "राजेळीची. मीच वाळवलेली हाय. असं काय बघतेस?"

वाडीतली राजेळी केळी कच्ची असतानाच कापून, उन्हात वाळवून, दळून लीलाबाई ही पिठी करून ठेवत. घरात बाळ जन्मलं की त्याला हीच, कुणी तापातून उठलं की त्याला हीच. प्रितेश आणि रीमा याच्यावरच वाढली होती.

"रोज घालता?"

"पहिल्या दिशी नाय घातली. दुसऱ्या दिशी तू नळाशी चक्कर येऊन बसलीस, तेव्हापासून घालते. चार वेळचं सूप, चारी वेळेला. ताकातबी लावते थोडी."

"आई, डॉक्टरांनी फक्त पातळ द्या म्हणून सांगितलं होतं!"

"मग? पातळच दिलं ना मी? त्यात चावायला काय हाय? दात नसलेल्या पोराला देतात ती. त्याला कोन खानं म्हनतं?"

मेघना मटकन स्टुलावर बसली. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी तिला आनंद झाला. म्हणजे आपलं शरीर बेइमान नव्हतं! आपण झोपेत उठत नव्हतो! आणि मग त्या आनंदामागून राग आला, तो इतका की तिचा आवाज पडवीपर्यंत गेला.

"दोन आठवडे मी भुकेने तळमळले! डॉक्टरांनी मला खोटारडी ठरवलं. तुमच्या मुलाने आज माझी पिशवी तपासली, आई! माझी पिशवी! आणि तुम्ही इथे उभ्या राहून मला तूप-पिठी पाजताय!"

लीलाबाईंच्या हातातली रवी थांबली. पण त्याही मिठागराकडच्या भातशेतीतून आलेल्या, ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. "माझ्यावर कशाला ओरडतेस? त्या डाक्टरनी मला कधी विचारलं काय? तुमच्या घरात सैपाक कोन करतं, असं एक शब्द? कागद दिला तो प्रितेशच्या हातात. त्यानं घडी करून पाकिटात घातला. मला कोनी वाचून दाखवला?" त्यांचा आवाज उतरला. "तुजे डोळे आत गेलते, मेघना. माझ्या घरात मानूस उपाशी निजतंय, आन मी नुसतं पानी ढवळू?"

म्हातारीचं चुकलं होतं, चांगलंच चुकलं होतं. पण या सगळ्या प्रकरणात ही एकटीच बाई होती जिने तिच्यावर चोरून खाल्ल्याचा संशय घेतला नव्हता. उलट खात नाही म्हणून घाबरली होती.

"साडी बदला," मेघना म्हणाली. "दवाखान्यात चला माझ्याबरोबर. मला सांगितलंत ते तिथे सांगायचं."

"मी? डाक्टरपुढं?"

"हो. तुम्हीच."

प्रितेशला वाडीतून बोलावून घेतलं. ऐकलं आणि तो हसला. "काय आई तू पण!" मेघनाने त्याच्याकडे असं बघितलं की हसू अर्ध्यावर राहिलं.

डॉक्टरांच्या केबिनमध्ये लीलाबाई ठेवणीतली साडी नेसून, पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. पिठी, तूप, ताक, चक्कर, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "पोरीनं काय खाल्लं नाय. माजी चूक हाय."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसले. "बघा प्रितेशराव, आईचं प्रेम! चला, कारण कळलं ते बरं झालं. आता पुन्हा दोन आठवडे—"

"डॉक्टर," मेघना म्हणाली.

"बोला."

"काल तुम्ही मला तीन वेळा म्हणालात, खरं सांगा. आज एकदा तरी म्हणा, की मी खरं सांगितलं होतं."

प्रितेश हळूच म्हणाला, "अगं, जाऊ दे ना."

"का जाऊ दे? सासूबाई एवढं वय झालेलं असताना इथे उभं राहून चूक कबूल करतात. मग तुम्हा दोघांना काय झालं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पहिल्यांदाच त्यांनी प्रितेशकडे न बघता तिच्याकडे बघितलं. "तुम्ही खरं सांगितलं होतंत," ते म्हणाले. "मी विश्वास ठेवायला हवा होता."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही तिला राग आला. पदराने डोळे टिपून तिने पुढचं विचारलं. "ऑपरेशन केलं आणि वजन परत आलं तर?"

"येतं काही जणांचं," ते म्हणाले. या वेळी हसले नाहीत. "तुमचं येणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. नंतर बरंच तुम्हाला सांभाळावं लागेल. घरच्यांनाही." आणि आहाराचा नवा कागद त्यांनी लीलाबाईंसमोर धरून एकेक ओळ वाचून दाखवली. लीलाबाईंनी प्रत्येक ओळीला मान डोलावली.

प्रितेश रिक्षा बघायला खाली गेला. जाताना त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही त्याला. मेघनाने त्याला मदत केली नाही.

व्हरांड्यात पुढच्या नंबरचं जोडपं उभं होतं. बाई मेघनाएवढीच असेल, अंगानेही. नवरा तिच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावत होता, "आत गेल्यावर लपवालपवी नको हां. काय खातेस ते खरं सांग डॉक्टरांना."

मेघना थबकली.

"त्या खरंच सांगतात," ती त्या माणसाला म्हणाली.

"तुम्ही ओळखता हिला?"

"नाही."

तो भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायला लागला. बाईने मान वर करून मेघनाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग एक पाऊल जवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं, "ताई, ऑपरेशनने होतं का हो कमी?"

खाली प्रितेश हाका मारत होता. रिक्षा थांबली होती.

"माहीत नाही," मेघना म्हणाली. "मलाही हीच भीती आहे."

बाईने तिचा हात धरला. रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. लीलाबाई जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली ओरडल्या, "थांब जरा! येतोय आमी!"