कलम सहा

सिस्टरने पंपातली हवा सोडली, काटा खाली येईपर्यंत कान देऊन ऐकलं आणि आकडा लिहायच्या आधी समोरच्या हाताकडे पुन्हा एकदा पाहिलं. एकशे अठरा, शहात्तर. कार्डावर वय चोपन्न, काम काचेच्या भट्टीवर, नोकरी बावीस वर्षं. आणि हात कोपरापासून मनगटापर्यंत गुळगुळीत. बावीस वर्षांत एक चटका नाही?

"हे तात्यांचं कार्ड आहे," ती म्हणाली. "तुम्ही कोण?"

माणसाने घाईघाईने बाही खाली ओढली. "मी पॅकिंगला असतो. तात्या म्हणाले, जरा बसून ये."

"अजून कुणाकुणासाठी बसलात?"

तो उठला. दारापर्यंत जाऊन म्हणाला, "माझं बीपी चांगलं आहे ना, सिस्टर. म्हणून सगळे मलाच सांगतात."

बीपी मोजायला दर वेळी बाहेरून नवी माणसं यायची. कोण तात्या आणि कोण पॅकिंगवाला, त्यांना काय कळणार! आज त्यांतला एक आला नाही, म्हणून ती स्वतः खुर्चीवर बसली होती. कारखान्याची आरोग्य योजना तिनेच आखली होती. दुपारी तीनला वर्षाचा आढावा मॅनेजरसाहेबांपुढे ठेवायचा होता: भट्टीवर बीपी जास्त असलेले गेल्या वर्षी योजनेआधी एकतीस, यंदा चार. ते चार तरी कुणाचे हात होते, देव जाणे.

ती यंत्र उचलून तडक भट्टीकडे गेली. तात्या पाण्याच्या टाकीपाशी घाम पुसत उभे होते. तिच्या हातातलं यंत्र पाहिलं आणि काय ते समजले.

"हात द्या," ती म्हणाली.

त्यांनी दिला. एकशे शहाण्णव, एकशे अठरा. तिने पुन्हा मोजलं. तेवढंच.

"डोकं दुखतं का, तात्या?"

"डोकं आहे तोवर दुखायचंच."

"थट्टा नको. का केलंत असं?"

"कलम सहा," तात्या म्हणाले. "तुम्हीच लिहिलंय ना?"

तिला ते तोंडपाठ होतं. ज्याचा रक्तदाब जास्त, त्याला उष्णतेच्या कामावरून हलवावे. लिहिताना फार बरं वाटलं होतं.

"सुरुवातीला दोघांना हलवलंत. मागे आवारात काचा वेचायला बसवलंत. सहा महिन्यांत दोघंही घरी. तुम्ही भलं करायला गेलात, ते कळतं हो आम्हाला. पण भट्टीवरून उतरलेल्या माणसाला इथे कुणी विचारत नाही." त्यांनी बाही सारखी केली. "माझं नाव सांगणार?"

"आधी डॉक्टरकडे जा. आत्ताच्या आत्ता."

"म्हणजे सांगणार," तात्या म्हणाले आणि भट्टीकडे वळले.

तीन वाजता मॅनेजरसाहेबांनी आढाव्याचं पान तिच्याकडे सरकवलं. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "एकतीसचे चार! दुसऱ्या कारखान्यातही हीच योजना लावू म्हणतो."

"एकतीसचे चार झाले नाहीत, साहेब. किती झाले, मला माहीत नाही." आणि तिने सगळं सांगितलं. फक्त नाव सोडून.

साहेबांचा आवाज कडक झाला. "नावं द्या."

"देणार नाही."

"आणि आज एखादा भट्टीपुढे कोसळला तर? तुम्ही जबाबदारी घेणार?"

तासभर ती स्वतःला हाच प्रश्न विचारत होती. एक नाव उच्चारलं असतं, तर पाच मिनिटांत तात्या खाली उतरले असते. तिने योजनेचं कलम सहाचं पान काढून साहेबांपुढे ठेवलं.

"नाव दिलं, तर एक माणूस वाचेल. आणि पुढच्या मोजणीला खरा हात एकही येणार नाही. कलम सहा काढा, साहेब. काम कुणाचंच जाणार नाही, भट्टीपुढचे तास तेवढे कमी करू, असं लिहून द्या. योजना फसली आणि चूक माझी, हेही लिहा. पण आत्ता लिहा."

साहेबांनी पान दोनदा वाचलं. मग कलमावर काट मारली, तिने सांगितलं ते खाली लिहिलं आणि सही केली. "महिन्याभरात सगळ्यांची फेरमोजणी. तुमचं काय करायचं, ते त्यानंतर पाहू."

ती कागद घेऊन जवळजवळ धावतच भट्टीवर आली. तात्यांच्या जागेवर दुसराच माणूस उभा होता.

"तात्या कुठेत?"

"गेले की, मघाशीच. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मी पाहतोय तेव्हापासून पहिल्यांदा."

"कुठे गेले?"

"दवाखान्यात. म्हणाले, सिस्टर आज नाव सांगणारच. साहेबाने धरून न्यायच्या आधी आपल्या पायांनी गेलेलं बरं. निदान गोळ्या सुरू आहेत, असं तोंड वर करून सांगता तरी येईल."

तिने कठड्याला हात टेकला. लोखंड तापलेलं होतं, तरी काढला नाही.

माणूस जरा जवळ सरकला. "सांगितलंत का हो नाव?"

"नाही," ती म्हणाली. मग आजूबाजूला पाहून आवाज उतरवला. "पण त्यांना हे इतक्यात कळू देऊ नका."