खिळ्यावरची नोकरी

मित्रांनो, दारामागच्या खिळ्याला टांगलेला, दोन बटणे तुटलेला जुना खाकी शर्ट दिसतो ना, तो मी.

माझा जन्म इंदापूरच्या बाजारात, एका शिंप्याच्या मशीनवर झाला. मला ज्या ताग्यातून कापले, त्यातूनच पोलिसांचे दोन गणवेश निघाले. त्या नातेवाइकांचा मला फार अभिमान होता. मला मात्र महामार्गालगतच्या एका दवाखान्यात, तातडीच्या विभागाच्या दारावर नोकरी लागली. माझ्या आत कुंडलिक नावाचा शिपाई असे. मला इस्त्री केलेली असली की त्याचा आवाज आपोआप चढे. लोक वचकत. आम्ही दोघे त्याला आदर समजत असू.

सन चौऱ्याण्णवमधली गोष्ट. एका दुपारी लासुर्ण्याकडच्या पारधी वस्तीतून भागूबाई आली. पाठीवर तिची आठ वर्षांची मुलगी, नकोशी. पोरीला साप चावला होता. कुंडलिकने दारातच हटकले, "नाव काय? वस्ती कुठली? कुणी पाठवलं?"

भागूबाईने मला पाहिले आणि आल्या पावली मागे वळली. वस्तीवर खाकी कपडे आले की परत जाताना घरातला एखादा माणूस घेऊन जायचे. तिची माझी ओळख एवढीच.

"अगं, थांब!" कुंडलिक ओरडला. ती पळायलाच लागली. पाठीवर नकोशीची मान लोंबकळत होती.

प्रयागबाई नर्स बाहेर धावल्या. "कुंडलिकराव, शर्ट काढा."

"बाई, ड्युटीवर हाय मी!"

"तुमी हाय, शर्ट न्हाय. काढा!"

बटणे सोडायला वेळ नव्हता. दोन तुटली ती तेव्हाच. कुंडलिक भोकाभोकांच्या बनियनवर फाटकापर्यंत धावला आणि हात जोडून म्हणाला, "ताई, नाव-गाव काय बी नगं. पोरीला सुई तेवढी देऊ द्या."

भागूबाईने बनियन निरखले. "पोलीस न्हाय व्हय तुमी?"

"असल्या बनियनवर कोण पोलिसात घेतंय?"

ती दवाखान्याकडे परत फिरली. तिला कोणी बाहेर बसवले नाही. सुई कशाची, ती कुठे टोचणार, हे प्रयागबाई आधी सांगत आणि मग टोचत. नकोशीचा हात आईच्या हातात होता. मी व्हरांड्यात फरशीवर पडलो होतो. माझ्या नसण्याचा एवढा उपयोग होईल, असे मला कधी वाटले नव्हते.

चौथ्या दिवशी नकोशी स्वतःच्या पायांनी घरी गेली आणि दाराशी हा खिळा ठोकला गेला. वस्तीवरचे कोणी आले की कुंडलिक आधी मला टांगतो, मग तोंड उघडतो. कागद नंतर भरतात. लोक आता वेळेत येतात.

त्याच हिवाळ्यात नकोशी आजीला घेऊन आली. कुंडलिक बनियनवर कुडकुडत होता. तिने टाचा उंचावून मला खिळ्यावरून काढले आणि त्याच्यापुढे धरले. "मामा, घाला की. थंडी हाय."

मित्रांनो, आम्हा गणवेशांना जपा. पण दुखणे घेऊन आलेला माणूस दारात थबकला, तर आधी आम्हाला उतरवा. पुन्हा कधी घालायचे, ते तोच सांगेल. तोवर खिळ्यावर वारा चांगला लागतो.